टेकडी सोडा, समोरचा कुठे उभा राहतोय ते बघा

रविवारी मुलुंडला ताईकडे अडकलो होतो, बाहेर असा पाऊस की गॅलरीतून समोरची बिल्डिंग दिसेना, मग भाच्याबरोबर वेसनॉथ लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाळीपाळीनं चाली करायचा लढाईचा फुकट कॉम्प्युटर गेम आहे, 2003 पासून चालू आहे, जुन्या लॅपटॉपवरपण पळतो.

पठ्ठ्यानं सुरुवातीलाच घोडेस्वार घेतले, दिसायला भारी ना. माझा एक भालेवाला नदीच्या काठावर, साध्या गवतात. तर हा म्हणतो, मामा मागे टेकडी रिकामी आहे, तिथे डिफेन्स जास्त, तू गवतात काय करतोयस?

हीच चूक सगळे करतात. टेरेन, म्हणजे गवत, टेकडी, पाणी अशी जमीन, म्हटलं की आपल्या सैनिकाला किती टक्के बोनस एवढंच बघायचं. अरे पण मला मारायला तुझा घोडा उभा कुठे राहणार? उथळ पाण्यात! तिथे त्याचा डिफेन्स 20 टक्के, म्हणजे माझा प्रत्येक वार बसायचा चान्स 80 टक्के. त्यात घोडेस्वाराचा चार्ज, म्हणजे दुप्पट देणार पण खाणारपण दुप्पट, आणि हल्ला कोणीही करो, भाल्याचा वार आधी. आला, तीन वार खाल्ले, गेला. 23 सोन्याचा घोडा 14 सोन्याच्या भालेवाल्यानं पाण्यात बसवला. भाचा दोन मिनिटं बोललाच नाही.

दुसरी गोष्ट चालीची, आणि माझ्या मते तीच जास्त मोठी. त्याच घोड्याला मोकळ्यावर 8 घरं, पण जंगलात एका घराला 3 मूव्ह जातात, शिवाय शत्रूच्या बाजूच्या घरात पाय टाकला की तिथेच थांबायचं, दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता होतं तसं. सिव्ह 6, म्हणजे सिव्हिलायझेशन 6 या गेममध्ये, लोक टेकडीवर बचावाला मिळणाऱ्या +3 ताकदीवर भांडतात, पण सिव्ह 5 मध्ये एक मूव्ह उरली तरी टेकडीवर चढता यायचं आणि 6 मध्ये मूव्ह कमी पडली की खालीच उभं राहावं लागतं, या एका बदलानं अख्खी लढाई बदलली त्यावर कोणी बोलत नाही. अॅडव्हान्स वॉर्स नावाच्या गेममध्ये तर रणगाडा डोंगरावर चढूच शकत नाही, फक्त पायदळ. बरोबरच आहे.

आपल्याला हे कोणी शिकवायची गरज आहे का खरंतर? उंबरखिंड इथून लांब नाही, खोपोलीच्या पलीकडे. फेब्रुवारी 1661 मध्ये मुघल सरदार कारतलबखान एवढी फौज घेऊन घाट उतरला आणि खिंडीत अशा जागी आला की पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. महाराजांनी त्याला नेमकं तिथेच गाठलं. शेवटी सामान टाकून जीव वाचवून गेला.

असो. दुसऱ्या गेमला भाच्यानं घोडे घेतलेच नाहीत, सरळ मर्मन, म्हणजे पाण्यातले मत्स्यमानव, आणले. त्यांना पाण्यात 60 टक्के डिफेन्स. काठावरचा माझा भालेवाला तिसऱ्या टर्नला मेला आणि मी गुपचूप टेकडीवर.