‘जंगलं तर पूर्वीही जळायची!’ हो, पण केव्हा आणि का?

टोरांटोतला माझा मावसभाऊ उन्हाळ्यात कधीतरी धुरकट आकाशाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो आणि तासाभरात काकांचा ठरलेला मेसेज येतो. ‘कॅनडातली जंगलं पूर्वीही जळायची. 1825 ची मिरामिची, 1950 ची चिंचागा. तेव्हा कुठे होता हवामानबदल? आगी माणसंच लावतात, सरकार जंगल साफ करत नाही. नासा म्हणते जगात आगी कमी झाल्यात. आणि बर्फ पडला की सगळं विझतंच!’ हाच मजकूर तुमच्याकडेही आला असेल.

पहिलं वाक्य खरं आहे. मिरामिची बाजूला ठेवू, कारण न्यू ब्रन्सविकमधलं ते मिश्र जंगल होतं, उत्तरेचा तैगा (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी जंगल) नव्हे. चिंचागा मात्र अस्सल तैगातली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जळत तिने सुमारे 14 लाख हेक्टर खाल्ले. तिच्या आणि आसपासच्या आगींच्या धुरामुळे त्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला होता.

पण ‘तेव्हा कुठे होतं हवामान?’ हा प्रश्न त्या जंगलालाच विचारता येतो. तिथल्या तळ्यांच्या तळाशी गाळाचे थर साचत जातात आणि जवळपास मोठी आग लागली की त्या थरात कोळशाचे कण सापडतात. हा हजारो वर्षांचा दप्तरखाना वाचला की गोष्ट रंगत जाते. क्वेबेकच्या दक्षिण भागात 1850 च्या सुमारास ‘छोटं हिमयुग’ म्हणजे काही शतकांचा थंड काळ सरला, हवा ऊबदार झाली आणि आगी चक्क कमी झाल्या! कारण उबेबरोबर ओलावा वाढला, लांबलेली कोरड घटली. म्हणजे ‘तापमान वाढलं की आग वाढते’ एवढं सोपं समीकरण हवामानबदल मानणाऱ्या आमच्या बाजूच्या लोकांनीही मांडू नये. अलास्कात तर पाचेक हजार वर्षांपूर्वी हवा थंड आणि ओली होत असताना आगी वाढल्या, कारण त्याच हवेत ब्लॅक स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष पसरला आणि हे झाड जळण्यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. हवामान आग ठरवतं ते कधी थेट, तर कधी असं झाडांच्या आडून.

अलास्काच्याच युकॉन फ्लॅट्स भागातला गाळ वाचून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हजारेक वर्षांपूर्वीच्या उष्ण काळातही तिथे आगी भडकल्या होत्या, पण जळून जळून स्प्रूस कमी झाला, पानझडी झाडं वाढली आणि आगीला लगाम बसला. अलीकडच्या दशकांतलं जळणं मात्र दहा हजार वर्षांत तिथे जे घडलं त्याच्या पलीकडे गेलंय. इतिहासाला साक्षीला बोलावलंच आहे, तर त्याची पूर्ण जबानी ऐकावी.

‘माणसंच लावतात.’ आपल्याला हे पटकन पटतं, कारण सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागतो. तैगात माणसंच कमी. कॅनडात 2023 मध्ये जळालेल्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग आकाशातली वीज पडून लागलेल्या आगींचा होता. क्वेबेकमध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणांहून धूर उठतानाचं उपग्रहचित्र ‘कट’ म्हणून फिरलं होतं. प्रत्यक्षात जूनच्या सुरुवातीला कोरड्या जंगलावरून विजांचं वादळ गेलं आणि शंभरावर आगी लागल्या. हो, त्याच वर्षी क्वेबेकमध्ये चौदा आगी लावल्याचं एकाने पुढे, जानेवारी 2024 मध्ये, न्यायालयात कबूलही केलं. पण कोरड नसेल तर काडीपेटी काय आणि वीज काय, आग पसरत नाही.

‘जंगल साफ करत नाहीत.’ कॅलिफोर्नियाच्या कोरड्या पाइनवनांबद्दल यात तथ्य आहे. तिथे पूर्वी जमिनीलगतच्या हलक्या आगी वरचेवर लागत. त्या विझवत राहिल्याने जळण साचलं. तैगाची रीतच वेगळी. स्प्रूसच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात, आग शिडीसारखी चढते आणि पन्नास-दोनशे वर्षांनी अख्खं रान एकदम जातं. जॅक पाइनची राळेने बंद झालेली फळं तर त्या धगीनेच उघडतात. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं, पण सुमारे 27 कोटी हेक्टरच्या तैगात झाडू मारायला कुणाला पाठवणार? गावांभोवतीचं जळण काढणं मात्र उपयोगी पडतं. आणि मूळ रहिवासी जाणतेपणाने जे जाळत, त्याला ब्रिटिश कोलंबियाने 1874 मध्ये बंदी घातली, ही चूक होतीच.

नासाचं म्हणणं खरं आहे, पण ते मुख्यतः आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांचं. तिथे शेती वाढली, गवत जळायचं कमी झालं. त्याने स्प्रूसला काय फरक पडतो?

आता 2023 कडे पुन्हा बघा. बर्फ लवकर वितळलं आणि मे ते ऑक्टोबरचं तापमान सरासरीपेक्षा सुमारे 2.2 अंश जास्त राहिलं. दीड कोटी हेक्टरच्या आसपास जळालं. म्हणजे जवळजवळ निम्मा महाराष्ट्र, आणि आधीच्या विक्रमाच्या सुमारे दुप्पट.

राहिला बर्फाचा मुद्दा. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात त्या वर्षीच्या आगी बर्फाखालच्या पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात) आणि सेंद्रिय मातीत हिवाळाभर धुमसत राहिल्या. 2024 च्या सुरुवातीला, थंडी असतानाच, बर्फातून धूर निघत होता.