काकांची फुकटची वाफ

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचं, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचं, राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर रणधुमाळी सुरू झाली. काकांचं म्हणणं, ना धूर, ना राख, जमिनीतली वाफ फुकट. कोकणातल्या तुरळ-राजवाडीच्या गरम झऱ्यांवर उद्याच प्लांट बसवा. चुलतबहिणीचं म्हणणं, भोकं पाडाल तर कोकणात भूकंप होतील. मग काकांनी मला ओढलं, "तू सांग रे, तुमच्याकडे न्यूझीलंडला सगळी वीज त्याचीच ना?"

सगळी नाही हो काका, साधारण पाचवा हिस्सा. आणि फुकट तर मुळीच नाही.

मी ताउपोत राहतो. वायराकेईचं भूऔष्णिक वीजकेंद्र इथून हाकेच्या अंतरावर, १९५८पासून चालू. वाफ काढून घेतली की उरलेलं पाणी कित्येक वर्षं सरळ वायकाटो नदीत जायचं, आर्सेनिकसकट. जमिनीखालचा दाब उतरला आणि शेजारच्या गीझर व्हॅलीतले गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, काही वर्षांतच बंद पडले. जमीन खचली ती वेगळीच, सगळ्यात वाईट जागी १४ मीटरपेक्षा जास्त. ओहाकीच्या वीजकेंद्रामुळे तर मराएजवळचं, म्हणजे तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या सभास्थानाजवळचं, गरम पाण्याचं कुंडच आटलं. आता त्याच्या तळाला काँक्रीट आहे आणि वर बोअरचं पाणी सोडलेलं असतं. वाफा निघतात, फोटो छान येतो. पाहुण्यांना मी तिथे नेत नाही.

जवळच्याच रोटोरुआ शहरात उलटं झालं. घरोघरच्या गरम पाण्याच्या बोअरमुळे पोहुतू गीझर धोक्यात आला, तेव्हा सरकारने १९८६मध्ये त्याच्या दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले. लोक भयंकर चिडले. पण दाब परत चढला. १९७९पासून गप्प असलेला पापाकुरा गीझर २०१५मध्ये पुन्हा उडायला लागला. म्हणजे झरा परत येऊ शकतो, फक्त छत्तीस वर्षं थांबायची तयारी हवी. आपल्याकडे पाच वर्षांत सरकार बदलतं, तिथे कोण थांबणार?

बहिणीलाही सांगायचं होतं. कोयनेचा १९६७चा भूकंप शास्त्रज्ञ धरणाच्या पाण्याशी जोडतात, वाफेशी नाही. मात्र वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडलं की खचणं कमी होतं आणि काही ठिकाणी तेच पाणी छोटे धक्के देतं, आइसलंडमध्ये हेलिशेइदीच्या भूऔष्णिक वीजकेंद्रापाशी २०११मध्ये दिले तसे. तेव्हा तिची भीती अगदीच हवेतली नाही. पण काकांशी वाद घालताना तिला मदत होईल असं काही मी लिहिलं नाही, कारण मग ग्रुपवर आठवडाभर तेच चाललं असतं.

काकांच्या वाफेचा मुद्दा मात्र सोडवत नाही. दापोलीजवळच्या उन्हवरेचं पाणी ७० अंशांच्या आसपास. त्याने टर्बाइन फिरेल अशी वाफ होत नाही. लवकर उकळणारा दुसरा द्रव त्या उष्णतेवर तापवून थोडी वीज निघेल, त्यासाठीही भरपूर पाणी उपसावं लागेल, आणि खालचं पाणी उपसलं की पहिला आटतो तो वरचा झरा.

"तिकडे बसून उपदेश सोपा," काकांनी लिहिलं. झोंबलं. इथे कन्सेंटच्या, म्हणजे प्लांटला परवानगी देण्याच्या, सुनावण्या होतात. कंपनी मेगावॉट सांगते, इवीची, म्हणजे माओरी जमातीची, माणसं उभी राहून पणजोबांच्या कुंडाबद्दल बोलतात, आणि मी मागच्या रांगेत बसून चहा पितो. एकदाही तोंड उघडलेलं नाही. नागरिकत्व घेतलंय, रेट्स म्हणजे घरपट्टी भरतो, तरी त्यांच्या पाण्याबद्दल बोलणारा मी कोण, असं वाटत राहतं. तुरळच्या कुंडाबद्दल मात्र मला कुणी विचारायचीही गरज लागत नाही, आणि तिथल्या मतदारयादीत माझं नाव नाही.

तरीही लिहिलंच. प्लांट बसवायचा तर बसवा, पण बोअर पाडायच्या आधी दोन-तीन वर्षं झऱ्याचं तापमान आणि पातळी रोज लिहून ठेवा, नाहीतर उद्या झरा आटला की कंपनी म्हणेल, तो आधीपासूनच कमी होत होता. काका म्हणाले, मोजणार कोण? गावातली शाळेची पोरं मोजतील. एक थर्मामीटर आणि एक पट्टी लागते, मंत्रालयाची परवानगी लागत नाही.