घरबसल्या शास्त्र स्थापन करा

विज्ञान शिकण्याचा नाद सोडा. त्यात उमेदीची वर्षं जातात आणि शेवटी पदरात काय पडतं, तर "अमुक परिस्थितीत, अमुक इतक्या त्रुटीच्या मर्यादेत, असं दिसून येतं" छापाचं एखादं वाक्य. तेही पुढच्या वर्षी कुणीतरी खोडून काढणार. त्यापेक्षा स्वतःचं शास्त्र काढा. भांडवल लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, गणिताशी तर संबंधच येत नाही.

विषय कुठलाही चालेल. सोयीसाठी आपण कोपर घेऊ. माणसाच्या कोपरातून सूक्ष्म लहरी निघतात आणि त्यांचा तोल बिघडला की डोकेदुखीपासून कर्जबाजारीपणापर्यंत सगळं ओढवतं, हा आपला सिद्धांत. (कोपराची निवड अगदीच उगाच नाही; लोकांच्या कोपराला गूळ लावून ठेवणं हाच तर आपला व्यवसाय.) या लहरी मोजणारं यंत्र अस्तित्वात नाही, ही आपल्या शास्त्राची सर्वांत मोठी जमेची बाजू. ते कुणी बनवणार नाही याची काळजी घ्या.

आता पथ्यं. पहिलं आणि सर्वांत कडक पथ्य म्हणजे पकडता येईल असं भाकीत कधीही करायचं नाही. ल व्हेरिए नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने हे पथ्य मोडलं. युरेनस आपल्या कक्षेतून किंचित भरकटतोय, म्हणजे पलीकडून एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, असा हिशेब त्याने कागदावर मांडला आणि बर्लिनच्या वेधशाळेला चक्क पत्ता कळवला. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री तिथल्या गाल्ले या खगोलशास्त्रज्ञाने तिकडे दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. टाळ्या मिळाल्या, कबूल. पण जोखीम बघा! त्या जागी काही नसतं तर साऱ्या युरोपात शोभा झाली असती. पुढे ती झालीच. बुधाची कक्षाही हिशेबात बसत नव्हती, म्हणून 1859 मध्ये याच गृहस्थांनी सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचं सांगितलं. त्याचं व्हल्कन असं बारसंही झालं. लोक अनेक वर्षं शोधत राहिले आणि ग्रह काही निघाला नाही. अखेर 1915 मध्ये आइन्स्टाइनने बुधाच्या कक्षेतला, शतकाला 43 आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तो फरक सापेक्षतेच्या सिद्धांतातून काढून दाखवला आणि बिचारा व्हल्कन जन्मण्याआधीच वारला.

माणूस तोच, रीत तीच. एकदा बरोबर, एकदा चूक. आपल्या लाडक्या कल्पनेला अशा जागी नेऊन उभं करायचं, जिथे आकाश तिला तोंडावर "नाही" म्हणू शकेल, हा विज्ञानाचा जुना वेडेपणा आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, "येत्या काळात कोपराच्या क्षेत्रात हालचाल संभवते." काही घडलं, तर लहरी जागृत झाल्या. काही घडलं नाही, तर लहरींनी मोठा अनर्थ थोपवून धरला.

मोघम बोलण्याला लोक दाद देतात का, ही शंका मनातून काढून टाका. 1948 मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं "खास" स्वभाववर्णन दिलं. ते किती तंतोतंत जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तोही भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेला. "तुम्ही वरून शांत दिसता, पण तुमचं उजवं कोपर आतून अस्वस्थ आहे" हे वाक्य पाठ करून ठेवा. ते न जुळणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

पुरावा म्हणून अनुभव गोळा करा, आकडे नकोत. यात निसर्ग तुम्हाला फुकट मदत करतो. सर्दी आपोआप जाते. पाठदुखी कमीजास्त होत राहते. आणि माणूस तुमच्याकडे येतो तोच मुळी दुखणं अगदी टोकाला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी बहुतेकांना थोडा उतार पडणारच. त्या दोन दिवसांत तुम्ही त्याचं कोपर चोळलेलं असलं म्हणजे झालं. ज्यांना गुण आला नाही ते परत येत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेबही ठेवावा लागत नाही. काही जण तर तक्रार करायलाही उरत नाहीत. त्यांच्याबद्दल बोलूच नये. तेवढ्याच लोकांना कोपर न चोळता नुसतं बसवून ठेवलं असतं तर किती बरे झाले असते, असं विचारणारा माणूस सभेत दिसला, की त्याला शेवटच्या रांगेत बसवा आणि ध्वनिक्षेपक त्याच्यापासून लांब ठेवा.

आता सर्वांत मोठा धोका. डोळ्यांवरची पट्टी, मधला पडदा आणि अंधार या तीन गोष्टींच्या आसपास फिरकू नका. आपल्या व्यवसायातली थोर थोर माणसं यांनीच बुडवली आहेत.

मेस्मरचं उदाहरण घ्या. सजीवांच्या देहात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो आणि तो वळवून रोग बरे करता येतात, असं सांगणाऱ्या या डॉक्टरने पॅरिस वेडं करून सोडलं होतं. 1784 मध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए असे खवट लोक. मेस्मर शहाणा, तो स्वतः लांब राहिला. त्याचा शिष्य देस्लों मात्र परीक्षेला उभा राहिला. त्याने फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड चुंबकित केलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. मुलगा घामाघूम झाला, थरथरला आणि चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. सगळी झाडं चुकीची! चुंबकित झाडापर्यंत तो पोचलाच नव्हता. देस्लोंने दिलेलं उत्तर मात्र प्रत्येक होतकरू शास्त्रसंस्थापकाने चौकट करून भिंतीवर लावावं असं आहे: सगळ्याच झाडांत थोडंफार चुंबकत्व असतं. समितीने यावर कुत्सितपणे म्हटलं की असं असेल तर हळव्या प्रकृतीच्या माणसाने बागेत पाऊलच टाकू नये. शास्त्रज्ञांना कुठे थांबावं कळत नाही, दुसरं काय.

ब्लाँडलो तर खरोखरीचा, नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ होता. 1903 मध्ये त्याने एन-किरण नावाचे नवेच किरण शोधले, आणि फ्रान्समध्ये डझनावारी लोकांना ते दिसूही लागले. 1904 मध्ये रॉबर्ट वुड हा अमेरिकी शास्त्रज्ञ पाहुणा म्हणून गेला आणि अंधाराचा फायदा घेऊन त्याने उपकरणातला, ते किरण फाकवणारा लोलक गुपचूप काढून ठेवला. ब्लाँडलोला किरण पूर्वीइतकेच स्पष्ट दिसत राहिले. वुडने हे सगळं 'नेचर'मध्ये छापलं. पाहुणा कितीही गोड बोलला तरी त्याच्या हातांवर नजर ठेवा, एवढंच सांगतो.

आणि मोठ्यांपेक्षा मुलांपासून जास्त जपा. अंगाला हात न लावता, नुसत्या ऊर्जाक्षेत्रावर उपचार करणाऱ्या 21 जणांची परीक्षा अमेरिकेत नऊ वर्षांच्या एका मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. पडद्याखालून उपचारकाने दोन्ही हात पुढे करायचे, मुलगी एकावर आपला हात धरणार, कोणत्या हातावर ते त्याने ओळखायचं. डोळे मिटून ठोकून दिलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. यांची आली 44 टक्के. 1998 मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. पुठ्ठ्याला एवढी ताकद असते.

चुकून परीक्षा झालीच आणि हरलात, तर परीक्षकाच्या नकारात्मक लहरींवर खापर फोडा. शास्त्रज्ञांसारखं वागू नका. सप्टेंबर 2011 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण 730 किलोमीटरवर इटलीत प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ऑपेरा प्रयोगात दिसलं. आपल्यापैकी कुणी असता तर संध्याकाळपर्यंत तीन शिबिरं जाहीर केली असती. त्यांनी जगाला विनंती केली की आमचं कुठे चुकलंय ते शोधायला मदत करा! पुढे त्यांना स्वतःलाच सापडलं की एक ऑप्टिकल केबल नीट बसलेली नव्हती. एवढं सगळं होऊन तेही त्यांनीच जाहीर केलं.

भाषेबद्दल फार सांगायला नको. क्वांटम, कंपनं, ऊर्जा, पेशींची स्मृती. कुणी ऊर्जेचं एकक विचारलं तर मंद हसावं.

लोक हसले, तर गॅलिलिओला बाहेर काढा. "त्यालाही असेच छळले होते!" फक्त एक तपशील गाळा. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चंद्र कोणत्या रात्री कुठे होते याच्या आकृत्या छापल्या, आणि दुसऱ्या कुणी दुर्बीण लावली की त्यालाही ते दिसत. वेगेनर हा जर्मन शास्त्रज्ञही वापरायला चांगला. 1912 मध्ये खंडं सरकतात म्हणाला आणि लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने जीवाश्म आणि खडक पुढे ठेवले होते, खंडं कशामुळे सरकतात हे मात्र त्याला पटवता आलं नव्हतं आणि साठच्या दशकात समुद्रतळाचे पुरावे आल्यावर त्याच शास्त्रज्ञमंडळींनी मत बदललं, हे सगळं सांगत बसू नका. आणि ज्यांच्यावर जग हसलं त्यांतले बहुतेक लोक खरोखरच चुकलेले होते, हे तर अजिबात सांगू नका.

फावल्या वेळात विज्ञानाची लबाडी उघडी पाडत जा. 1912 चा पिल्टडाउन मानव घ्या, म्हणजे इंग्लंडमध्ये सापडलेला तथाकथित आदिमानव. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र करून चाळीस वर्षं फसवलं! 1953 मध्ये ते कुणी उघडकीला आणलं हा प्रश्न सभेत निघाला, तर चहापानाची वेळ झाली म्हणा. हाडांतल्या फ्लोरिनची तपासणी वगैरे करणारे लोक शास्त्रज्ञच होते, हे श्रोत्यांना कळून काही उपयोग नाही.

खरं अवघड काम एकाच प्रश्नाचं आहे. कुणीतरी शांतपणे विचारेल, "काय दिसलं तर तुम्ही मान्य कराल की कोपरलहरी नाहीत?" याला उत्तर देऊ नका, प्रश्न पूर्णही होऊ देऊ नका. त्याच्या आवाजातच अहंकार आहे असं म्हणा. त्याने जादूगार जेम्स रँडीचं बक्षीस काढलं, म्हणजे अलौकिक शक्ती ठरलेल्या अटींवर दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या, ही योजना 2015 मध्ये बंद होईपर्यंत एकालाही का जिंकता आली नाही असं विचारलं, तर पैशाच्या मोहात न पडलेल्या सर्वांना मनोमन वंदन करा. आणि लगेच प्रगत वर्गाची नोंदणी सुरू करा. त्याचं शुल्क दुप्पट ठेवा, कारण डावं कोपर आपण अजून कुणाला शिकवलेलं नाही.