‘बजेटचं सत्र पाऊण तासात गुंडाळलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या प्रपोजल-लेखनाच्या (कंपन्यांकडून निधी मागण्यासाठी संस्थांनी प्रस्ताव कसा लिहायचा या) कार्यशाळेला एक स्टार दिलात आणि लिहिलंत की दोन दिवसांचे साडेतीन हजार घेतले, बजेटचं सत्र पाऊण तासात गुंडाळलं, तयार प्रपोजल मागितलं तर दिलं नाही, सहा महिने झाले तरी कुठूनच निधी नाही. एवढ्या लांबून येऊन तुमच्या पदरी निराशा आली, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. छोट्या संस्थेला साडेतीन हजार म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे.

पण पाऊण तासाचं मात्र मला लिहायलाच हवं, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून पुढच्या बॅचला येणाऱ्या संस्था फोन करून नेमकं तेच विचारताहेत.

बजेटचं सत्र दुसऱ्या दिवशी दुपारी २ ते ५ असं वेळापत्रकात छापलं होतं आणि ते साडेपाचपर्यंत चाललं. तुम्ही पावणेतीनला उठलात. गावची शेवटची एसटी चुकेल म्हणालात, स्वारगेटला जायला रिक्षा मीच बघून दिली. एसटीची अडचण खरी होती, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पाऊण तास तुम्ही बसलात, सत्र पाऊण तासाचं नव्हतं! तेवढ्या वेळात खर्चाची शीर्षं कशीबशी सांगून झाली होती.

खरं काम तुम्ही गेल्यावर झालं. शिवणवर्गाचा एक नमुना प्रस्ताव सगळ्यांना वाचायला दिला होता. वर्णनात ४० महिला, वीस-वीसच्या दोन तुकड्या, एक सकाळी, एक दुपारी. बजेटच्या तक्त्यात शिलाई मशिनं मात्र ४०, खरं तर २० पुरली असती. बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. कंपनीत सीएसआर (कायद्याने सामाजिक कामांवर करायचा खर्च) बघणारी व्यक्ती बहुधा आधी तक्ताच उघडते आणि असा मेळ बसला नाही की वर्णन कितीही मन लावून लिहिलेलं असो, फाइल बाजूला पडते. मग प्रशासकीय खर्चाचा विषय निघाला. सीएसआरच्या नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. २० टक्क्यांची मर्यादा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातली, म्हणजे परदेशी निधीपुरती; २०२० च्या दुरुस्तीआधी ती ५० टक्के होती. या दोन आकड्यांची गल्लत करून कितीतरी संस्था घाबरतात आणि हिशेबनिसाचा पगारसुद्धा बजेटमध्ये धरत नाहीत. मग तो वर्षभर द्यायचा कुठून? यावर सगळेच बोलायला लागले, म्हणून तर साडेपाच वाजले. या भागाच्या नोट्स तुम्हाला त्याच आठवड्यात ईमेलवर पाठवल्या होत्या.

तयार प्रपोजल आम्ही कुणालाच देत नाही. त्यात तुमच्या तालुक्याची गरज नसते, तुमचं काम नसतं. शिवाय एकाच साच्यातली चार प्रपोजलं एकाच कंपनीकडे पोचली तर चारही संस्थांचं नाव खराब होतं.

निधी मिळेलच अशी हमी आमच्या जाहिरातीत कुठेही नाही. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय (ही संस्थेने केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची असते) कंपनीला संस्थेमार्फत सीएसआरचा खर्च करता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी आयकर खात्याची १२ए नोंदणी आणि ८०जी मान्यता लागते, हे पहिल्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. तुमची सीएसआर-१ नोंदणी तेव्हा व्हायची होती. ती पुढे झाली का, हे रिव्ह्यूमध्ये दिसत नाही.

बाहेरगावच्या लोकांसाठी बजेटचं सत्र थोडं अलीकडे घेता येतं का ते बघतो आहोत, नोट्समध्येही काही सुधारणा चालू आहेत.

दादा, माझं घर याच कामावर चालतं, आणि नवीन संस्था पैसे भरण्याआधी रिव्ह्यू वाचतात. स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. पाऊण तासाचं वाक्य तेवढं दुरुस्त करावं ही विनंती. पुढच्या बॅचला बजेटच्या सत्राला जरूर या, त्याची वेगळी फी घेणार नाही. येताना मागच्या ३ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि कंपन्यांना पाठवलेलं बजेट घेऊन या, तक्ता ओळीओळीने सोबत बसून बघू. फक्त परतीची एसटी उशिराची धरा.