‘घरी बसलेला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण रागात काहीतरी भलतंच लिहून गेलो असतो म्हणून थांबलो. मी एवढंच लिहिलं होतं की एका खुर्चीवर दोन अधिकारी हक्क सांगत असतील तर पगार ज्याची नेमणूक कायदेशीर ठरेल त्याचा. त्यावर तुम्ही लिहिता, "काम एकाने करायचं आणि पगार घरी बसलेल्याने घ्यायचा, ही कारकुनी अक्कल झाली."

मी दाखला दिलेल्या सुप्रीम कोर्टाच्या गोकराजू रंगराजू खटल्याचा निकाल 1981 चा, मी 1980 लिहिलं होतं. चूक मान्य, दुरुस्त केलंय.

पण "घरी बसलेला"? माझे वडील असेच "घरी बसले" होते. 1994 साली अचानक बदली झाली, मॅटने (सरकारी नोकरांचे वाद ऐकणारं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) स्टे दिला, ऑर्डर घेऊन ऑफिसात गेले तर त्यांच्या टेबलावर दुसरे साहेब, आणि ते चार्ज सोडायलाच तयार नाहीत. वडील रोज खारकर आळीतून डबा घेऊन निघायचे, मस्टरवर सही करून बाहेरच्या बाकावर बसायचे, पुढे मस्टरच कपाटात कुलूपबंद झालं. मग रोज "मी हजर आहे" असं पत्र आवक शाखेत द्यायचे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचे. जांभळा शिक्का, तारीख हाताने टाकलेली, ती फाइल अजून माझ्याकडे आहे. पाच महिने पगार नाही, आई जांभळी नाक्यावरच्या वाण्याकडे स्वतः जायची बंद झाली, मला पाठवायची. याला घरी बसणं म्हणतात का हो? आणि साहेबाचा रोष पत्करून रोज तो शिक्का मारून देणारा कारकूनच होता, तेव्हा "कारकुनी अक्कल" लिहिताना जरा जपून.

1991 च्या जानकीरामन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, माणूस काम करायला तयार आहे आणि त्याचा दोष नसताना प्रशासनानेच त्याला कामापासून दूर ठेवलं तर "काम नाही, पगार नाही" हा नेहमीचा नियम लागत नाही. तो वाद बढतीचा होता, माहितीये मला, पण तत्त्व तेच आहे.

खुर्चीवर बसलेल्याच्या सह्या वैध तर पगारही त्याचाच, हे तर तुम्ही गोकराजू निकाल न वाचताच लिहिलंय. तिथे न्यायाधीशांच्या नेमणुका रद्द झाल्या तरी त्यांचे निकाल टिकवले ते लोकांची कामं उलटीपालटी होऊ नयेत म्हणून, त्यांचा खुर्चीवरचा हक्क मान्य झाला म्हणून नव्हे.

करदात्याने दोनदा का भरायचं म्हणता, तर भरूच नये. न्यूयॉर्कच्या डोलन खटल्यात 1877 मध्येच ठरलं की शहराने खुर्चीवर बसलेल्याला आधीच पगार दिला असेल तर खऱ्या हक्कदाराने तो शहराकडून पुन्हा मागायचा नाही, बसलेल्याकडून वसूल करायचा. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही.

ठाण्यातलेच आहात असं लिहिलंय, तर कधीही या, फाइल दाखवतो. पण आधी "घरी बसलेला" हे शब्द मागे घ्या.