ड्रेनेज दुरुस्तीचा निधी कसा आणावा आणि कुठे घालावा

अभिनंदन. नगरसेवक म्हणून निवडून आलात, सत्कार झाले, हार सुकले, आणि पहिल्याच मोठ्या पावसात कुणीतरी दारात येऊन म्हणालं, "साहेब, चेंबरचं पाणी घरात येऊलालंय." घाबरू नका. बेळगावात असा, खानापुरात असा की निपाणीत, ही वेळ प्रत्येकावर येते, आणि तिच्यातून सहीसलामत सुटायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. ड्रेनेजला हात लावायचा नाही आणि ड्रेनेजच्या योजनेतून हात काढायचा नाही.

सुरुवातीलाच एक चूक टाळा: नकाशा मागू नका. कुठली लाइन कुठून येते, कुठल्या चेंबरला जाऊन मिळते, हे जुन्या मुकादमाच्या डोक्यात असतं आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार असतो. होऊ द्या. नकाशा झाला की लोकांना कळतं की जिथे एका वाड्याचं पाणी जायचं त्या सहा इंची पाइपात आता अख्ख्या अपार्टमेंटचं जातंय. मग लोक विचारतात, या अपार्टमेंटला परवानगी देताना पाइप कुणी बघितला होता? असल्या प्रश्नांनी गावातलं वातावरण बिघडतं.

हिशेबाची हौस असलेला एखादा तरुण इंजिनियर भेटेलच. तो सांगेल, माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची वस्ती ४,८८,१५७ होती. म्हणजे रोजचं सव्वापाच कोटी लिटर, तेही त्या साली, आणि तेव्हापासून शहराने चारी बाजूंना पाय पसरले ते वेगळंच. हा आकडा पाठ करून ठेवा, सभेत छान वाजतो. फक्त तो पाइपाच्या मापाशी नेऊन जुळवायचा नाही.

आता कामाची दिशा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. सांडपाणी उताराने जातं. त्याला शक्यतो पंप लागत नाही, पण आतला वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटरच्या वर जावा लागतो. नाहीतर गाळ खाली बसतो, त्याच्यावर प्लास्टिक अडकतं आणि लाइन तुंबते. त्यामुळे शहाणा माणूस दुरुस्ती शेपटाकडून सुरू करील. आधी शुद्धीकरण केंद्र, मग तिथवर जाणारी मोठी वाहिनी, मग उपवाहिन्या, आणि सगळ्यात शेवटी गल्ली. तुम्ही बरोबर उलटं करा. शेपूट असतं शिवारात, आणि शिवारात भूमिपूजनाला माणसं जमत नाहीत. गल्लीत जमतात. तेव्हा गल्लीतला सहा इंची पाइप काढून तिथे बारा इंची घाला, फोटो काढा, पेढे वाटा, आणि तो बारा इंची पाइप कोपऱ्यावरच्या जुन्या सहा इंचीला जोडून टाका. पाणी तुंबेल ते पुढच्या वॉर्डात. तिथे विरोधी गटाचा नगरसेवक असेल तर ईश्वरी कृपाच म्हणायची.

रस्ता मात्र आधी करून घ्या. बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडलं गेलं, तेव्हापासून काँक्रीटची गोडी कुणाला लावावी लागत नाही. क्रम असा ठेवायचा: रस्ता, मग पाण्याची लाइन, मग केबल, मग कुणाला तरी ड्रेनेजची आठवण. डांबरीकरण करताना चेंबरची झाकणं उचलून नव्या पातळीला बसवा असं टेंडरमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचणारा माणूस शोधून त्याची बदली करा. मग जून महिन्यात बघण्यासारखं दृश्य असतं. भर पावसात दोन माणसं पहार घेऊन रस्त्यावर ठोकत फिरतात, एक ठोकतो आणि दुसरा वाकून आवाज ऐकतो. पोकळ आवाज आला की तिथे खणायचं. कधी झाकण सापडतं, कधी पाण्याची लाइन फुटते. ती फुटली की आपोआप नवा प्रस्ताव तयार होतो.

पाइप आतून कसा खराब होतो हेही माहीत असू द्या, सभेत कुणी विचारलंच तर. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच तो सडक्या अंड्यांचा वास. पाइपाच्या वरच्या ओल्या भागावरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खातं. म्हणजे पाइप आधी डोक्याकडून झिजतो. पाणी वाहतच असतं, वरून सगळं ठीक दिसतं, आणि एके दिवशी रस्ता खचून ट्रकचं चाक आत जातं. ही व्यवस्था आपल्या फार सोयीची आहे. आत कॅमेरा सोडून पाहणी करता येते, पण कशाला? खड्डा पडला की 'आपत्कालीन काम' होतं, आणि आपत्कालीन कामाला फार प्रश्न विचारले जात नाहीत. कर्नाटकात टेंडर पारदर्शक असावीत म्हणून १९९९ चा कायदा आहे. घाईच्या कामासाठी त्यातच सवलतही आहे. घाई कधी होणार हे आपल्याला दोन वर्षं आधी माहीत असलं म्हणून ती घाई नाही असं थोडंच होतं?

निधी. घाबरायचं कारण नाही, निधी भरपूर आहे. २०१५ ला शहरांच्या पाणी-मलनिस्सारणासाठी केंद्राची अमृत योजना आली, २०२१ ला अमृत २.० आली. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधून दिला. फक्त अर्जात 'दुरुस्ती' हा शब्द चुकूनही लिहू नका. दुरुस्तीला कोनशिला नसते. 'नवीन', 'विस्तार', 'एकात्मिक' असं काहीतरी लिहा. बांधायला पैसे दिल्लीहून येतात, बेंगळूरहून येतात, पण चालवायला येत नाहीत. विजेचं बिल, पंपांचं ग्रीस, जोराच्या पाण्याने लाइन मोकळी करणाऱ्या जेटिंग गाडीचं डिझेल, माणसांचे पगार, हे घरपट्टीतूनच काढायचं असतं. आणि घरपट्टी वाढवायची म्हटलं की आपलं सभागृह एकमुखाने एक होतं. एरवी ते कशावरच होत नाही. कुणी फारच हुशारी करून सांगेल की बेंगळूर महापालिकेने १९९७ ला १२५ कोटींचे रोखे काढले होते, अहमदाबादने १९९८ ला १०० कोटींचे काढले, तेही सरकारी हमीशिवाय. त्याला अभ्यास समितीवर घ्या. रोख्यांसाठी हिशेब वेळेवर लिहावे लागतात, एवढं कळलं की समिती आपोआप थंड होईल.

हद्दीचा उपयोग करायला शिका. आपल्यासारखं नशीब सगळ्यांना लाभत नाही. शहर एकाकडे, कॅन्टोन्मेंट दुसऱ्याकडे, भोवतालच्या ग्रामपंचायती तिसऱ्याकडे, पाणी आणि मलनिस्सारणाला राज्याचं स्वतंत्र मंडळ, महामार्ग आणि रेल्वे आणखी वेगळे. एका चेंबरच्या तक्रारीवर पाच पत्रं सहज निघतात आणि पाचही पत्रं खरी असतात. वर आपला सीमाप्रश्न आहेच. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणजे चेंबर नेमकं कुठल्या राज्यात तुंबलंय हेही अजून पक्कं नाही, असं हसत हसत म्हणता येतं. नोटीस मराठीतही मिळावी ही आपली मागणी रास्तच आहे; १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे ती द्यावी, हे १९५६ पासून कागदावर आहे. पण गेल्या दहा सभांत फलकावरच्या अक्षरांवर किती तास गेले आणि फलकाखालच्या गटारावर किती मिनिटं, हे कुणी मोजायला लागलं तर त्याला लगेच दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणून टाका. दोन्ही बाजूंना हे जमतं.

पावसाचं म्हणाल तर पाऊस आपला जुना मित्र. घरोघरचे पन्हाळीचे पाइप गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतात. एक जोराची सर आली की गच्चीवरचं सगळं पाणी मैल्याच्या लाइनीत शिरतं आणि वडगाव-शहापूरकडच्या सखल गल्लीतल्या घरात वर येतं. हातमागाच्या विणकराच्या घरात तर माग असतो जमिनीत, खड्ड्यावर. रात्री पाणी येतं ते आधी त्या खड्ड्यात भरतं, सकाळी ताणा भिजलेला, आणि ज्या पायपट्टीवर पाय ठेवून माणूस पोट भरतो ती मैल्याच्या पाण्याखाली. अशा घरी जाताना गमबूट घाला, पँट दुमडा आणि फोटोग्राफर बरोबर ठेवा. पन्हाळी तोडायची भाषा मात्र करू नका. ज्यांची घरं उंचावर आहेत त्यांच्या पन्हाळी आहेत, आणि सभेत पुढच्या खुर्च्यांवर तेच बसतात.

एक गोष्ट सांगताना मलाही थट्टा सुचत नाही. तुंबलेल्या चेंबरमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. माणूस मेला तर वारसांना १० लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला सांगितलं, आणि २०२३ ला ते ३० लाख केले. तरी जेटिंग गाडी आली नाही, वॉर्डातले लोक ओरडताहेत, कंत्राटदार म्हणतो 'दोन मिनिटांचं काम आहे', असा प्रसंग तुमच्यासमोर येणार. तिथे माझ्याकडे सल्ला नाही. तुम्ही काय करता ते त्या झाकणापाशी उभं राहून करा, फोनवरून करू नका.

बाकी शेपटाचं काय होतं, ते ओझरतं. बेळगावचं काही पिण्याचं पाणी राकसकोपच्या धरणातून येतं, म्हणजे मार्कंडेय नदीचं. ते वापरून झालं की बळ्ळारी नाल्यातून खाली परत मार्कंडेयालाच जातं, तिथून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला. नदीचं घेतलेलं नदीला परत केल्याचं पुण्य पदरात पडतंच. वाटेत आपलं भाताचं शिवार लागतं, ज्याच्या बासमतीचा वास एके काळी शेजारच्या गावापर्यंत जायचा. नाल्यात जलपर्णी माजते, पावसाळ्यात नाला फुगतो आणि पाणी पिकात बसतं. शहराजवळच्या हलगा गावातल्या सांडपाणी प्रकल्पाचं म्हणाल तर तिथल्या जमिनीवरून शेतकरी वर्षानुवर्षं भांडत आले. पिकती जमीन द्यायची शेतकऱ्याने आणि घाण यायची शहराची, त्यामुळे त्यांचं म्हणणं समजायला फार शिक्षण लागत नाही. त्याच हलग्याला २०१२ पासून राज्याच्या विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध उभं आहे. हिवाळी अधिवेशन आलं की त्या वाटेवरचे खड्डे बुजतात. तुमचा प्रस्ताव त्या सुमारास पाठवा, मंत्रिमहोदय जवळच असतात आणि नाल्याला तेव्हा पाणीही कमी असतं.

एवढं सगळं नीट केलंत तरी एखाद्या बैठकीत मागच्या रांगेतून अनगोळचा नाहीतर जुन्या बेळगावचा कुणी शेतकरी उठेल आणि विचारेल, "साहेब, योजना लई झाल्या. आमच्या शेतात येतंय ते बंद कधी होणार, तेवढं सांगा की." त्याच्याशी वाद घालू नका. त्याला मामा म्हणा, शाल घाला, तिथल्या तिथे देखरेख समितीचा सदस्य करून टाका. आणि समितीची पहिली बैठक जुलैत ठेवा, भर रोपलावणीच्या दिवसांत, सकाळी अकराला.