डोळ्यांची अतितातडीची मोजणी

मी गेलो होतो चष्म्याचा नंबर तपासायला, आणि साडेतीन तासांनी बाहेर पडलो तो ‘काचबिंदू संशयित’ असा शेरा मारलेली फाईल काखोटीला घेऊन. घडले एवढेच, की हनुवटी टेकवून बसलो असताना एका यंत्राने डोळ्यावर हवेचा फटका मारला, मी खुर्चीसकट मागे सरकलो, आणि तपासणाऱ्या मुलीने, ‘‘काका, उजवा २३, डावा २२,’’ असे जाहीर केले. हा डोळ्यातला दाब. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि निरोगी माणसाचा १० ते २१ असावा अशी रीत आहे. मला बाकावर बसवण्यात आले.

बाकावर शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले, मोतीबिंदू उतरवून आलेले, काळ्या चष्म्याआडून सगळ्या नागपूरची हद्द न्याहाळत असल्यासारखे.

‘‘किती आलं जी?’’

‘‘तेवीस.’’

‘‘हद्द कितीची?’’

‘‘एकवीस.’’

‘‘म्हणजे दोनचं अतिक्रमण.’’ त्यांनी मान डोलावली. ‘‘किती खेपा मोजलं?’’

‘‘एकदाच.’’

‘‘एका खेपेत मोजणी होते का जी? साखळी तपासली होती? साखळी ताणली असंल तं वावर कमीच भरते. अन् नोटीस?’’

‘‘कसली नोटीस?’’

‘‘हवा माराच्या आधी सांगितलं होतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग ते मोजणीच बेकायदा!’’

एवढ्यावर ते थांबते तर मी त्यांना विसरलोही असतो. पण त्यांनी माझ्या गळ्याशी हात घालून सदऱ्याचे वरचे बटण काढले. गळा आवळून बसलेल्या माणसाचा दाब चढणारच, आणि तुम्ही तर श्वासही रोखला असेल, असे त्यांचे म्हणणे. समोरच्या बाकावरच्या बाई हे सारे पाहत होत्या. मला राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही, कारण आवळलेल्या कॉलरने आणि रोखलेल्या श्वासाने हा आकडा खरोखरच चढतो, हे नंतर डॉक्टरांनीच सांगितले. तपासणाऱ्या मुलीला माझे बटण दिसले नव्हते. काळा चष्मा लावून बसलेल्या माणसाला दिसले.

फेरमोजणी झाली. बधिर करणारे थेंब घालून, निळ्या प्रकाशाचे टोक बुबुळाला टेकवून घेतलेला आकडा २१ आला, म्हणजे मी बांधावर उभा होतो. मग एका अर्धगोलात डोके घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचे अशी परीक्षा झाली. त्यात न चमकलेल्या ठिपक्यांसाठीही मी दाबत राहिलो, कारण लहानपणापासून कोरा पेपर सोडायचा नाही अशीच शिकवण आहे. यंत्र मात्र असला उत्साह वेगळा नोंदवते.

शेवटी डॉक्टरांनी कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली आणि उलगडा झाला. दाब मोजणारी उपकरणे कॉर्निया साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरून चालतात. तो जाड असला की दाबायला जास्त जोर लागतो आणि आकडा फुगतो. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढच्या ४७११ लोकांची पाहणी झाली, तिच्यात ही जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) भरली आणि दाब सरासरी १३.६. माझी जाडी ५९२. घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘निगरगट्टपणा डोळ्यांपर्यंत पोहोचला होता, हे आम्हाला ठाऊक होते, मशीन कशाला लागते?’’

परंतु माझी खरी तक्रार त्या २१ विषयी आहे. १९५८ साली लायडेकर या जर्मन डॉक्टरांनी हजारो निरोगी डोळ्यांचा दाब मोजला, सरासरी १५.५ आली, तिच्यात प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगतात त्या मापाची, दुप्पट मिळवली आणि रेषा ओढली. म्हणजे चाळीस निरोगी माणसांमागे एखादा रेषेपलीकडे जाणार हे रेषेच्या जन्मातच ठरले होते, आणि तो एखादा मी. उलट जपानमधील ताजिमी येथील पाहणीत काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकाराने आजारी असलेल्यांपैकी दहात नऊ जणांचा दाब २१ च्या आतच निघाला. म्हणजे चोर बांधाच्या आत नांदतो आणि पंचनामा बाहेर उभ्या असलेल्याचा होतो. जाडी मोजायला मिनिटभरही लागत नाही. ती पहिल्यांदा मोजली असती तर माझे ते तीन तास आणि त्यांतली अर्धी घबराट वाचली असती. हे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी, ‘‘क्रमाने जावे लागते,’’ असे उत्तर दिले.

मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्यामागची शीर पाहिली. तिच्या तोंडाशी जी गोल तबकडी दिसते, तिच्यातला खळगा तबकडीच्या ०.४ भरला, ठीक. सगळेच ठीक. शेरा मात्र तसाच राहिला आणि सहा महिन्यांनी पुन्हा या, असे सांगण्यात आले. भूकरमापक अजून बाकावरच होते. ‘‘एकदा नोंद चढली का निंगत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘फेरफारात राहते.’’

‘‘आणि चष्म्याचा नंबर?’’ मी खिडकीशी विचारले.

‘‘थेंब घातलेत ना काका, आज नीट येणार नाही. पाचेक तास धूसर दिसेल. उद्या या.’’

बिलावरचा आकडा मला वाचता येत नव्हता. तो भूकरमापकांनी मोठ्याने वाचून दाखवला.